मोठे टायर टाकावेत की क्राउन-पिनियन बदलावं? सहाचाकी गाडीच्या ॲव्हरेजचा प्रश्न

चाकोरी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझी १६ टनी सहाचाकी गाडी आहे. २००९ चं मॉडेल, टर्बो इंजिन, पाच गिअर. कराडच्या बाजूच्या कारखान्यांची साखर वाशीला नेतो. येताना मिळेल ते भाडं, म्हणजे निम्म्या वेळा गाडी खाली, नाहीतर चार-पाच टन किराणा. टायर १०.००-२० चे नायलॉन आहेत. मागचे पार गुळगुळीत झालेत, आता सहाच्या सहा बदलायचेत.

टायरवाला म्हणतो, "मालक, ११.००-२० टाका. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, इंजिनाला कमी फिरावं लागतं. ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरनं वाढलं नाही तर मला विचारा." आमच्याच गावात एकानं वर्षापूर्वी तसे टाकले. तो सांगतो की लिटरला ४.४ किलोमीटरचं ४.२ झालं. आणि आमचे मिस्त्री म्हणतात, टायरचं माप आहे तेच ठेव, मागचं क्राउन-पिनियन (मागचा आस फिरवणारी दातेरी चाकांची जोडी) सहा-एकेचाळीसचं आहे ते काढून सात-एकेचाळीसचं घाल.

तिघांची तीन मतं. घरात दोन पोरं शिकतायत आणि भाड्यातला निम्मा पैसा डिझेलवर जातो, त्यामुळे चूक परवडणारी नाही. ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी जरूर लिहा.

वाटसरू
वाचतोय. खूण करून ठेवली आहे.

घाटमाथा
११.०० बिलकुल टाकू नका. गाडी जड होते, चढाला दम टाकते. मी एका शेठकडे असताना वर्षभर चालवली आहे. खाली गाडी छान पळते, भरली की चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, दिवसभर हात गिअरच्या दांड्यावरच.

पाना_बत्तीस
मी गॅरेजवाला. मिस्त्रीकाकांचं बरोबर आहे, पण का ते आकड्यांत सांगतो.

१०.००-२० रेडियल भरल्या गाडीखाली एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर. म्हणजे चाकाचे मिनिटाला ३१२ फेरे. तुमच्या गाडीचा पाचवा गिअर सरळ आहे, गिअरबॉक्समध्ये एकास एक. मग इंजिनाचे फेरे ठरतात फक्त मागच्या क्राउनवर. पिनियनला ६ दात, क्राउनला ४१, म्हणजे ६.८३ पट. ३१२ गुणिले ६.८३ झाले सुमारे २१३०.

आता ११.०० टाका. एका फेऱ्यात ३.३ मीटर. तेच ताशी ६० ला इंजिन २०७० वर येईल. कमी झाले किती? साठ-पासष्ट फेरे. टायर १०.०० चेच ठेवून ७-४१ घाला, म्हणजे ५.८६ पट. इंजिन येतं १८३० वर. तीनशे फेरे कमी!

टायरवाला खोटं बोलत नाही, तो तीन टक्क्यांची गोष्ट सांगतोय. मिस्त्री चौदा टक्क्यांची सांगतोय. तुमच्या इंजिनाची सगळ्यात जास्त ओढ चौदाशे ते सतराशेच्या दरम्यान असते, आणि त्याच्या आसपास ते डिझेलही सगळ्यात नीट जाळतं. २१०० वर ते स्वतःच्याच आतल्या घर्षणावर तेल उडवत असतं.

चिरेवाला
पाना_बत्तीस यांचा हिशेब बिनचूक, पण तो सपाट रस्त्याचा आहे. आमचं ऐका.

आम्ही कणकवलीकडून जांभा चिरा भरून फोंडा घाटानं कोल्हापूरला चढवतो. दोन वर्षांपूर्वी असंच कुणाचं तरी ऐकून ७-४१ घातलं. राधानगरीच्या पुढे सपाटीला गाडी मस्त, इंजिनाचा आवाज निम्मा. पण घाटात जिथे तिसऱ्यात निघायची तिथे दुसऱ्यात, आणि वळणावर थांबावं लागलं की पहिल्यात. पहिल्यातही उचलताना क्लच अर्धा दाबून धरावा लागायचा. वास इतका की मागच्या गाडीवाला हॉर्न मारून सांगायचा. आठ महिन्यांत दोन क्लचप्लेटा जळाल्या. परत ६-४१ घातलं तेव्हा जीव शांत झाला. ॲव्हरेज? आधी ३.६, मधे ३.६, नंतर ३.६.

पाना_बत्तीस
चिरेवाला, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटतं. चौदा टक्के फेरे कमी झाले तशी प्रत्येक गिअरची ओढही चौदा टक्क्यांनी कमी झाली. इथे काही फुकट मिळत नाही.

चढाचं डिझेल कुठल्याही गिअरनं वाचत नाही. वजन वर उचलायचं काम तेवढंच राहतं. खोपोली ते खंडाळा साधारण ५०० मीटर चढ आहे. १६ टन तेवढं उचलायला, इंजिन चांगल्या तब्येतीत असलं तरी सहाएक लिटर डिझेल लागणारच. रस्त्याचं आणि वाऱ्याचं वेगळं. क्राउन बदलून त्या सहाचे पाच होत नाहीत. क्राउनची बचत होते ती टॉप गिअरमध्ये सलग चालणाऱ्या रस्त्यावर.

नांगरट
माझा भाबडा प्रश्न. आमच्या आजोबांच्या बैलगाडीची चाकं छातीइतकी उंच होती. लहान चाकाच्या गाडीपेक्षा ती बैलांना हलकी जायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग मोठं चाक ट्रकला जड कसं?

पाना_बत्तीस
प्रश्न भाबडा नाही, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

बैल गाडी ओढतो ती जू आणि धुरीला धरून. चाक नुसतं मागून फिरत येतं. मोठं चाक मातीत कमी रुततं, खड्डा-धोंडा सहज ओलांडतं, म्हणून हलकं. ट्रकमध्ये उलट आहे. इंजिन आसाला पीळ देतं आणि आस चाक फिरवतो. आसापासून जमीन जितकी लांब, तितका तोच पीळ जमिनीवर कमी जोरानं पोचतो. विहिरीच्या रहाटाचा लाकडी रूळ जाड केला तर एका फेऱ्यात दोर जास्त गुंडाळला जातो, पण घागर जड लागते. अगदी तेच.

म्हणून ओढल्या जाणाऱ्या चाकाला मोठेपण फायद्याचं, आणि फिरवल्या जाणाऱ्या चाकाला मोठेपण म्हणजे गिअर बदलल्यासारखंच.

नांगरट
रहाटाचं उदाहरण लख्ख कळलं. आजोबा असते तर त्यांना सांगितलं असतं.

डिझेलवही
मी गाडी चालवत नाही, पण वडिलांच्या चार गाड्यांचा डिझेलचा हिशेब गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. चाकोरीदादा, तुमच्या गावातल्या त्या माणसाचं ॲव्हरेज खरंच घटलं का, याची मला शंका आहे. त्यांनी किलोमीटर कशावरून मोजले? मीटरवरून ना?

मीटर चाकाकडे बघत नाही. तो गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूचे फेरे मोजतो आणि जुन्या टायरच्या मापानं किलोमीटर ठरवतो. चाक तीन टक्के मोठं झालं, तर गाडी १०३ किलोमीटर जाते आणि मीटर १०० दाखवतो. तुमचीच फेरी घ्या. कराड-वाशी जाऊन-येऊन पावणेसहाशे किलोमीटर धरले तर मीटर सतराएक किलोमीटर कमी दाखवणार. डिझेल १२५ लिटर लागलं तर खरं ॲव्हरेज ४.६, वहीत लिहिणार ४.४६.

आता दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला तीन वर्षं कळली नव्हती. आमच्याकडे दरवेळी नवे टायर टाकले की ॲव्हरेज पडायचं. वडील ड्रायव्हरवर चिडायचे, डिझेल कुठे गेलं म्हणून. शेवटी एका रविवारी मी आणि भाऊ वजनकाट्याच्या सिमेंटवर भरलेली गाडी घेऊन गेलो. मागच्या टायरला खडूनं रेघ मारली, जमिनीवर रेघ मारली, गाडी अगदी सावकाश पाच फेरे पुढे घेतली आणि टेपनं मोजलं. नवे टायर, पाच फेऱ्यांत १६ मीटर ५ सेंटिमीटर. मग दुसरी गाडी, त्याच मापाचे पण झिजलेले टायर. १५ मीटर ६० सेंटिमीटर. फरक जवळजवळ तीन टक्के, म्हणजे १०.०० वरून ११.०० वर गेल्याइतकाच! झिजलेला टायर मीटरला जास्त किलोमीटर दाखवायला लावतो, आणि नक्षी झिजल्यामुळे रस्त्यावर तो थोडा हलकाही चालतो. दोन्ही मिळून जुन्या टायरवर ॲव्हरेज सोन्यासारखं दिसतं.

ज्या ड्रायव्हरकाकांवर दोनदा आळ आला होता, त्यांना वडिलांनी त्या दिवशी घरी जेवायला बोलावलं. तेव्हापासून वहीत मीटरचे किलोमीटर लिहायचे नाहीत, मोबाइलच्या नकाशावरचे लिहायचे, असा आमचा नियम आहे.

घाटमाथा
ताई, शेवटचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्हा ड्रायव्हर लोकांवर हा आळ किती वेळा येतो ते आम्हालाच ठाऊक.

वाटसरू
डिझेलवही +१. खडू आणि टेप, एवढ्यात काम झालं!

रॉकीजकर
मी अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. इथे पिकअपवाल्यांत हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे, फक्त उलट्या दिशेनं. इथे लोक दिसायला आणि डोंगरवाटांसाठी मोठे टायर टाकतात.

मी ३२ इंची काढून ३५ इंची टाकले. नऊ टक्क्यांनी मोठे. मागच्या क्राउन-पिनियनचा रेशो ३.५५ चा, तो टायर वाढल्यामुळे ३.२५ असल्यासारखा झाला. वाटलं, इंजिन कमी फिरतंय तर पेट्रोल वाचेल. झालं भलतंच. डेन्व्हरहून पश्चिमेला चढ लागला की गिअरबॉक्स टॉपला टिकेना, सारखा खालचा गिअर शोधायचा. गॅलनला १९ मैल मिळायचे, तिथे १६ आले, तेही मैल नकाशावरून दुरुस्त करून. एकेक टायर पूर्वीपेक्षा बराच जड, गाडी उंच झाली म्हणून वाराही जास्त लागतो. शेवटी ४.१० चा रेशो घालून घेतला. आता गाडी मूळच्यासारखी चालते, पण पेट्रोल पूर्ण परत आलं नाही, १७ च्या आसपास अडकलंय. जडपणा आणि वारा ही दोन नुकसानं गिअर बदलून भरून निघत नाहीत, हे मी पैसे मोजून शिकलो.

तुमच्याकडे मात्र रेशो आधीच आखूड आहे, म्हणजे इंजिन मुळातच जास्त फिरतं, त्यामुळे माझा अनुभव सरळ लागू करू नका.

कागदपत्र
कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये टायरची संख्या आणि माप लिहिलेलं असतं. कंपनीनं दिलेल्या मापाबाहेरचे टायर टाकले तर फिटनेसला प्रश्न येऊ शकतो, आणि अपघात झालाच तर विम्याचा सर्व्हेअर आधी टायरच बघतो.

शिवाय रिम. १०.०० ला साडेसात इंची रिम, ११.०० ला आठ इंची. रिम जुनीच ठेवून नुसते टायर चढवले की मागच्या जोडीतली फट कमी होते. भरल्यावर दोन्ही टायर बाजूनं फुगतात, एकमेकांना घासतात आणि तापतात. पुढे पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला लागतो की नाही ते वेगळं. वेगमर्यादेचा गव्हर्नरही त्याच मीटरच्या हिशेबानं चालतो. ८० ला बांधलेली गाडी प्रत्यक्षात ८२-८३ जाणार.

घाटमाथा
+१. आणि ब्रेक! मोठ्या चाकाला तोच ब्रेक कमी लागतो. आत्ता पाना_बत्तीस यांनी रहाटाचं सांगितलं, ते थांबवतानाही खरं आहे.

कांदापोहे
अवांतर: चाकोरीदादा, खेड शिवापूरला चहाला थांबता की नाही? डिझेल वाचवायच्या नादात चहा वाचवू नका.

चाकोरी (धागाकर्ता)
थांबतो हो, चहाशिवाय गाडी पुढे जात नाही. :)

सगळ्यांचे मनापासून आभार. ११.०० चा विषय माझ्या डोक्यातून गेला. पण चिरेवाल्यांचा अनुभव वाचून ७-४१ ची भीती वाटायला लागली आहे. मलाही बोरघाट आहे, खंबाटकी आहे.

चिरेवाला
घाट आहे खरा, पण तुम्ही भरून चढता की भरून उतरता?

चाकोरी (धागाकर्ता)
अरे! हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. जाताना भरलेली असते, खंबाटकीला बोगद्यातून जातो, मग शिरवळवरून कात्रजचा नवा बोगदा, तो चढ बेताचा आहे. बोरघाट पूर्ण उतारच. येताना बोरघाट आणि खंबाटकीचा जुना घाट चढतो, तेव्हा गाडी खाली किंवा पाच टनाच्या आत.

चिरेवाला
मग तुमची गोष्ट माझ्या बरोबर उलटी झाली. माझा माल कोकणातून वर येतो, तुमचा देशावरून खाली जातो. ७-४१ बिनधास्त घाला. फक्त पुढे कधी जेएनपीटी बंदराचं भरलेलं रिटर्न भाडं रोजचं झालं तर पुन्हा विचार करा.

घाटमाथा
थांबा, थांबा. "भरून उतरतो" हे ऐकून मला राहवत नाही. सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर आहे, त्यातली निम्मी याच रस्त्यावर.

७-४१ घातलं की चढाला ओढ कमी होते तशी उताराला इंजिनाची धरही कमी होते. आज बोरघाट तिसऱ्यात उतरत असाल तर तीच धर मिळणार नाही. पहिल्या महिन्यात अंदाज येईपर्यंत एक गिअर खाली ठेवा. घाटाच्या माथ्यावरच टाका, मधे उतारावर गिअर बदलायला जाऊ नका. सुटला आणि पुन्हा पडला नाही तर काय होतं ते मला लिहायचं नाही.

आणि कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना न्यूट्रल करायचं नाही. हात जोडून सांगतो. त्या उतारानं किती माणसं खाल्ली ते पुण्यातल्या कुणालाही विचारा. भरलेली गाडी, खाली सिग्नलला उभ्या रिक्षा आणि दुचाक्या, आणि वरून ब्रेक तापलेली गाडी. पाव लिटर डिझेलासाठी!

पाना_बत्तीस
घाटमाथाभाऊंच्या शब्दाशब्दाला माझा दुजोरा. त्यात ते पाव लिटरही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल बंद करतो. जुन्या पंपाचा गव्हर्नरही हेच करतो, नव्या बीएस-६ गाडीत तर कॉम्प्युटर करतो. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतः चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जळतं, गिअरमध्ये जळत नाही.

क्राउनच्या कामाबद्दल. सेट जोडीनंच घ्या, क्राउन एका गाडीचं आणि पिनियन दुसऱ्याचं असं कधी नको. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. बेअरिंगं नवी घ्या. आणि फिटर दातांवर रंग लावून हातानं फिरवतो की नाही, ते समोर उभं राहून बघा. रंगाचा डाग दाताच्या मधोमध पडला पाहिजे. कडेला पडला की पाचशे किलोमीटरात घोंघावायला लागतं.

डिझेलवही
आणि दादा, टायर आणि क्राउन एकदम बदलू नका. नाहीतर कशानं किती फरक पडला ते कळणार नाही. आधी टायर, चार फेऱ्यांचा हिशेब, मग क्राउन. टायर रेडियल घ्या, नायलॉनपेक्षा रस्त्यावर हलके चालतात. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची सुद्धा! तिथे हात पोचत नाही म्हणून सगळे सोडून देतात.

चाकोरी (धागाकर्ता)
मंडळी, तीन महिन्यांनी परत आलो. धागा वर काढतोय.

ताईंनी सांगितलं तसंच केलं. आधी १०.००-२० चे रेडियल टाकले. कारखान्याच्या काट्यावर खडू-टेप केलं, पाच फेऱ्यांना १६ मीटर २ सेंटिमीटर. काट्यावरचा पोरगा आधी हसला, मग स्वतःच टेपचं दुसरं टोक धरून बसला. जुन्या टायरांवर नकाशाच्या किलोमीटरनं ४.३ होतं (मीटर ४.४ दाखवत होता), रेडियलवर चार फेऱ्यांचं ४.४५ आलं. मग ७-४१ घातलं. गेल्या सहा फेऱ्यांचं ४.८. दर वेळी त्याच पंपावर, तोंडापर्यंत टाकी भरून.

बोरघाट रिकाम्या गाडीनं चढताना काही फरक जाणवत नाही. खंबाटकीला पाच टन किराणा होता तेव्हा एका वळणावर एक गिअर जास्त खाली घ्यावा लागला, तेवढंच. उतरताना घाटमाथादादांचं ऐकून माथ्यावरच दुसरा टाकतो. पूर्वीपेक्षा सात-आठ मिनिटं जास्त लागतात, पण खाली आल्यावर ब्रेकच्या ड्रमला हात लावून बघितला, कोमट होता. पूर्वी लावता यायचा नाही.

घोंघावणं नाही. डाग मी उभं राहून बघितला, दोनदा शिम (मधे घालायच्या पातळ चकत्या) बदलायला लावले.

चिरेवाला
छान झालं. आमच्याकडे त्याच ६-४१ वर चिरा चढतोय.

घाटमाथा
ड्रम कोमट, हे वाचून बरं वाटलं.

नांगरट
ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी असाच धागा कुणी काढेल का? ट्रॉलीची चाकं तर ओढलीच जातात, मग तिथे मोठी चालतील ना?

पाना_बत्तीस
ट्रॉलीला चालतील. पण उसाची मोळी टाकायची उंची वाढेल, ते तोडणीवाल्या बायकांना आधी विचारा.